मिंटोचं नाव पुसलं तर राहतं काय?

भाऊ, बागच्या (मध्य प्रदेशातलं गाव) अमोनाइटवरच्या, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी समुद्री प्राण्यावरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. बागच्या अमोनाइटला ‘प्लासेंटिसेरास मिंटोई’ म्हणून मी व्हाइसरॉयची आरती ओवाळली, शास्त्रज्ञ नावं सारखी फिरवतात, आणि खान्देशी माणसाने काळा पत्थर सोडून समुद्राच्या गप्पा कशाला माराव्यात.

शेवटचं आधी घेतो. शिरपूर सोडून बिजासन घाट चढा, बडवानी-कुक्षी करत बागला जा. वर आपलाच काळा पत्थर, खाली चुनखडी. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, ती समुद्रात साचलेली चुनखडी नऊएक कोटींची. मग ते परक्याचं वावर कसं?

एक चूक मात्र माझी. ‘मिंटोई ही प्रजाती’ असं लिहून बसलो. विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती (genus) म्हणजे प्लासेंटिसेरास, मिंटोई ही तिच्यातली जाती (species). वर्तमानपत्रं वाचून लागलेली खोड. दुरुस्त केलंय.

आता मिंटो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या व्रेडेनबर्गने हे नाव दिलं, तेव्हा लॉर्ड मिंटो व्हाइसरॉयच्या गादीवर होता. खुशामत म्हणा हवं तर. बाग ग्वाल्हेर संस्थानात, म्हणून दुसऱ्या एका जातीला शिंद्यांचं नाव, ‘सिंदिई’. तिच्यासाठी नर्मदेच्या जुन्या ग्रीक नावावरून ‘नमाडोसेरास’ ही वेगळी प्रजातीच काढली. पुढच्या अभ्यासकांनी ती मोडीत काढली. कारण एकाच जातीत एक शिंपला गुळगुळीत, दुसरा गाठाळ असू शकतो. अमोनाइटांत नर-मादीतही आकाराचा मोठा फरक असतो. नर्मदेचं नाव गेलं, मिंटोचं राहिलं. याचं मलाही वाईट वाटतं.

पण नाव फिरवतात ते लहर लागली म्हणून नाही. सातबाऱ्यावर एकच माणूस दोन नावांनी चढला की जुनी नोंद धरतात, तसंच इथे. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘काफ्रारियम’ या प्लासेंटिसेरासच्या जातीचं नाव एथरिजने १९०४ मध्ये ठेवलं, म्हणजे मिंटोईच्या आधी. २००२ मध्ये बर्धन आणि सहकाऱ्यांनी बागचे नमुने त्याच जातीत घातले आणि तिच्यावरून भारत तेव्हा किती सरकला होता ते मोजायला घेतलं. दोन्ही एकच ठरले तर मिंटो आपोआप गेला! काही अभ्यासकांना मात्र मिंटोई वेगळीच वाटते. मी सध्या त्यांच्या बाजूने आहे.

आणि मिंटो जाऊन येणार कोण? ‘काफ्रारियम’ ज्यावरून आलं ते ‘काफ्रारिया’ हेही तिकडच्या मुलखाला गोऱ्यांनीच ‘काफिर’वरून पाडलेलं नाव, आणि ‘काफिर’ ही तिकडे शिवी आहे. वनस्पतींच्या नावांतून तो शब्द बदलायचा ठराव २०२४ मध्ये माद्रिदला झाला. प्राण्यांच्या नियमावलीत तशी सोय नाही.

तुमच्या टेबलावरच्या तुकड्याबद्दल. माझा बशीएवढा आहे, कळण्याच्या भाकरीसारखा चपटा (लॅटिनमध्ये ‘प्लासेंटा’ म्हणजे चपटी पोळीच). कवच उडालंय तिथे कप्प्यांच्या भिंतींची शिवण दिसते, कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली. ओळख पटवायला ती लागते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती चुन्याखाली झाकलीय. जुन्या टूथब्रशने हलकं घासा, लिंबू-व्हिनेगर लावू नका, शिंपला विरघळेल. आणि फोटो बाजूनेही काढा, कडेसकट.