मूरच्या नावावर खपवलेला वेग

आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो. मूरच्या नियमाप्रमाणे कॉम्प्युटर दर दोन वर्षांनी दुप्पट वेगवान होतो. तरी कमी पडलं तर कोर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाढवा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथनेही ऑप्टिमायझेशनला, म्हणजे कोड घासूनपुसून वेगवान करण्याला, सगळ्या अनर्थाचं मूळ म्हटलंय. आणि प्रोग्रामरच्या पगारापुढे सर्व्हर स्वस्त. सबब, कोड चालतोय ना? मग वेगाची चिंता सोडा.

आधी मूर. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली मांडलेला अंदाज चिपवर मावणाऱ्या घटकांच्या संख्येचा होता. ती दरवर्षी दुप्पट होईल असं ते म्हणाले आणि १९७५ मध्ये त्यांनीच ही मुदत दोन वर्षांवर नेली. दुप्पट व्हायची ती संख्या, वेग नव्हे. वेग वाढत होता कारण ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचा बारीक विजेचा स्विच, लहान केला की व्होल्टेजही उतरवता यायचं आणि चिप न तापवता क्लॉक, म्हणजे प्रोसेसरची टिकटिक, पळवता यायचं. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी हे गणित १९७४ मध्ये मांडलं होतं. २००५ च्या आसपास ते अडलं, कारण व्होल्टेज आणखी उतरवायचं तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते.

आकडेच बघा. १९९४ मध्ये पेंटियम १०० मेगाहर्ट्झवर होता, २००४ अखेरीस पेंटियम ४ पोचला ३.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ३८०० मेगाहर्ट्झवर. दहा वर्षांत ३८ पट! त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. पुढे २०२४ मध्ये त्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरने टर्बोमध्ये, म्हणजे थोडा वेळ जोर लावून, गाठलेला आकडा ६.२ गिगाहर्ट्झ. वीस वर्षांत दुप्पटसुद्धा नाही. आजचा कोर एका टिकटिकीत पूर्वीपेक्षा बरंच जास्त काम उरकतो, हे मान्य. पण म्हणून दर दोन वर्षांनी दुप्पट? छे.

कोरांबद्दल संगणक रचनाकार जीन ॲमडाल १९६७ मध्येच बोलून गेलेत. दहा टक्के काम एकामागून एकच करावं लागणार असेल, तर हजार कोर लावूनही वेग दहापटीच्या वर जात नाही. मोदक वळायला दहाजणी बसल्या तरी उकड एकाच पातेल्यात निघते.

कनूथ यांच्या बाबतीत तर चक्क कात्री चालवली आहे. १९७४ च्या ज्या लेखात हे अनर्थाचं वाक्य आहे, त्यात ते म्हणतात की सुमारे ९७ टक्के वेळा बारीकसारीक बचत विसरावी, आणि लगेच पुढच्याच वाक्यात सांगतात की उरलेल्या महत्त्वाच्या ३ टक्क्यांतली संधी मात्र सोडू नये. हे पुढचं वाक्य फॉरवर्डमध्ये मला अजून एकदाही दिसलेलं नाही.

ते ३ टक्के कसे दिसतात? ‘जीटीए ऑनलाइन’ हा गेम सुरू व्हायला वर्षानुवर्षं कित्येक मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका खेळाडूने वैतागून प्रोग्राम उसवून पाहिला. दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची १० एमबीची जेसन (साध्या मजकुरात माहिती साठवण्याची पद्धत) फाइल वाचताना, दर तुकड्यागणिक उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजली जात होती. शिवाय प्रत्येक वस्तू आधी येऊन गेली का, हे अख्खी यादी चाळून तपासलं जायचं. एकच कोर घाम गाळत होता, बाकीचे निवांत. दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवर सहा मिनिटांची वेळ दोनच्या आत आली. कंपनीने दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर दिले.

इथे स्वस्त सर्व्हर काय करणार होता? काम ग्राहकाच्या मशीनवर चाललं होतं. सर्व्हरवर असतं तरी अशा कोडमध्ये डेटा दहापट झाला की काम शंभरपट होतं. पैसे किती वेळा ओतणार? हां, महिन्यातून एकदा चालणाऱ्या रिपोर्टसाठी आठवडाभर कोड घासत बसणं हा वेडेपणाच. तेवढ्यापुरता फॉरवर्ड बरोबर आहे.

आणि कोड घासून मिळतं तरी किती? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४०९६ बाय ४०९६ मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्याचा) गुणाकार एकाच मशीनवर वेगवेगळ्या तऱ्हेने करून दाखवला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या साध्या कोडला सुमारे सात तास, सगळी मेहनत घेतलेल्या सी भाषेतल्या कोडला ०.४१ सेकंद. फरक साठ हजार पटींहून जास्त. त्यात अठरा कोर एकदम जुंपण्याचा वाटा आठपटीहून कमी. बाकी कमाई भाषा, कॅशेची (प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीची) शिस्त आणि व्हेक्टर सूचनांची (एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांची). आता कुणी म्हणेल, असलं काम पायथनमध्ये नमपाय या तयार लायब्ररीने करतात, चुटकीसरशी होतं. होतंच. नमपायच्या पोटात कुणीतरी आधीच घासूनपुसून ठेवलेला सी आणि फोरट्रान भाषांतला कोड आहे.