यंदा कॅरल दारोदार नाही म्हणे

आज २१ डिसेंबर २०२५, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या दिवसांचा, चौथा रविवार. चारही मेणबत्त्या पेटल्या, मिस्सा (चर्चमधली उपासना) छान झाली, आणि शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचायला आपले एक वडीलधारे उभे राहिले. २४ च्या रात्रीच्या मिस्सेची वेळ, पापनिवेदनाची वेळ, गाड्या कुठे लावायच्या. आणि मग पाणीपट्टीची सूचना वाचावी तशा सुरात, "यंदा कॅरल घरोघरी जाणार नाही. मंगळवारी २३ तारखेला सायंकाळी सात वाजता चर्चच्या आवारात सामूहिक कॅरल संध्या आहे. प्रत्येक कुटुंबाने दोनशे रुपये वर्गणी द्यावी. जेवणाची व्यवस्था केली आहे."

झालं. लोकांनी क्रूसाची खूण केली आणि बाहेर येऊन चहा प्यायला लागले. एक जण म्हणून काही बोलला नाही. उलट दोघी-तिघींच्या तोंडावर तर, चला, रात्रीचं जागरण वाचलं, असंच.

घरी आल्यापासून माझं डोकं तापलंय. गॅसवरचं वरण खाली लागलं. नवरा म्हणतो, एवढं काय त्यात. एवढं काय त्यात, तेच लिहून राहिली आहे. लांब होईल, ज्याला वाचायचं नसेल त्याने खुशाल पुढे जावं.

आपली कॅरल, म्हणजे नाताळची गाणी म्हणत दारोदार जाणं, कशी असते हे आपल्यातल्या कोणाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना विसर पडला असेल म्हणून सांगते. ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यात कुटार पसरून वर सतरंजी, दहा-पंधरा पोट्टे-पोट्टी, म्हातारी माणसं कानटोप्या घालून. ढोलकी, टाळ, खंजिरी. सांताक्लॉज झालेल्या पोट्ट्याची दाढी आपल्याच पऱ्हाटीच्या कापसाची, आणि तिच्यात सरकी तशीच राहिलेली, ती त्याच्या गालाला टोचते म्हणून तो रात्रभर दाढी उचलून खाजवत बसतो. दारात दोन गाणी, फादरांची छोटी प्रार्थना, घरावर पवित्र पाणी, काळा चहा, डब्यात दहा-वीस रुपये. मग पुढचं घर. शेतातलं एकटं घर असेल तरी तिथं जायचंच. त्या एका घरासाठी ट्रॉली अर्धा-पाऊण तास पांदणीतून धक्के खात जायची.

यात वेळ जातो, डिझेल जातं, हे मलाही कळतं. पण मला माझ्या घराचं सांगू द्या.

मी तेव्हा दहावीत होते. त्या डिसेंबरात बाबांना लकवा मारला. अमरावतीच्या इर्विन दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. घरात आई, मी आणि लहान भाऊ. आई म्हणाली, यंदा दारात नाताळचा तारा (चांदणीचा कंदील) लावायचा नाही, फराळ करायचा नाही. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? तसं सगळ्यांना बाबा आजारी आहेत एवढं माहीत होतं, म्हणजे खरं तर काहीच माहीत नव्हतं.

रात्री साडेबारा-एकला ढोलकी ऐकू आली. आईने उठून ओसरीतला दिवा बंद केला. हळूच म्हणाली, "झोपले म्हणतीन अन् जातीन." ढोलकी फाटकाशी येऊन थांबली. कोणी हाक मारली नाही. थोड्या वेळाने त्या वेळचे फादर दाराशी येऊन म्हणाले, "बाई, चहा नको. पाणी पाजा फक्त." आता पाण्याला नाही कसं म्हणणार? दार उघडलं.

ढोलकी बाहेरच ठेवली होती त्यांनी. सगळे आत आले, जमिनीवर बसले, आणि एकच गाणं, तेही अगदी हलक्या आवाजात म्हटलं. बाबांचा डावा हात खाटेच्या लाकडावर होता. दुसऱ्या कडव्याला त्यांची दोन बोटं ठेका धरायला लागली. ठेका चुकत होता. आईने ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

म्हणून मी विचारते. त्या वर्षी चर्चच्या आवारात कॅरल संध्या असती, स्टेज असतं, मसालेभात आणि बुंदी असती, तर माझी आई आली असती का? बाबांना खाटेसकट आणलं असतं का आम्ही? ज्याला आवारात यायचं आहे तो तर दर रविवारी येतोच. कॅरल त्याच्यासाठी नाहीच आहे बाप्पा. दिवा बंद करून बसलेल्या माणसासाठी आहे ती.

आणि सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? वर्षभर आपल्या चर्चच्या भिंतीवर ज्युबिली वर्षाचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाचा, बॅनर लावलेला आहे. "आशेचे यात्रेकरू". पोप फ्रान्सिस यांनी हे वर्ष सुरू केलं, ते एप्रिलमध्ये गेले, पोप लिओ आले, ६ जानेवारी २०२६ ला रोममध्ये ज्युबिलीपुरतंच उघडणारं पवित्र दार बंद होऊन वर्ष संपेल. वर्षभर त्या बॅनरखाली आपण यात्रेकरू, यात्रेकरू करत गायलो. आणि वर्षाच्या शेवटी शेवटी ठरवलं काय, तर पलीकडच्या वस्तीपर्यंतही चालायचं नाही. खुर्च्या भाड्याने आणायच्या. प्रमुख पाहुणे बोलवायचे. पाहुण्यांचं स्वागत, शाल, श्रीफळ, मनोगत, आणि मग उरलेल्या वेळात बाळ येशू.

प्रमुख पाहुणे कोण हे मी लिहित नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि निवडणुका कधी आहेत तेही माहीत आहे.

शांत होते जरा.

चर्चच्या कमिटीचं म्हणणंही मला कळत नाही असं नाही. मागे एकदा काही पोट्टे ट्रॉलीत पिऊन बसले होते, ती लाज सगळ्यांना वाटली. थंडीत म्हाताऱ्यांना त्रास होतो. यंदा अतिवृष्टीने सोयाबीन गेलं, डिझेलला पैसे कोण देणार. बरं, हे सगळं मान्य. पण मग डिझेलला पैसे नाहीत आणि स्टेजला आहेत? मंडपवाला उधारीवर देतो आणि पंपवाला देत नाही, असं आहे का?

आणि खरं कारण वेगळंच आहे, ते माइकवर कोणी बोललं नाही, चहाच्या वेळी कानात बोलले. "वातावरण बरोबर नाही. रात्री कोणी मोबाइल काढून व्हिडिओ केला अन् धर्मांतराचं भलतंच नाव लावलं तं?"

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझीही पोरं ट्रॉलीत बसतात.

पण आपण कोणाच्या दारात जातो? आपल्याच माणसांच्या. आणि शेजारी कोण आहेत? आमच्या फाटकाला लागून ज्यांचं घर आहे ते कुणबी काका दरवर्षी ढोलकी ऐकली की उठतात, अंगावर घोंगडं घेऊन कुंपणाशी उभे राहतात आणि पोरांना टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा देतात. चर्चमधल्या गव्हाणीसाठी, म्हणजे बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी, कडबा त्यांच्याकडूनच येतो. गेल्या वर्षी त्यांनीच विचारलं होतं, "काहो, यंदा उशीर केला तुमच्या देवानं?" आता मंगळवारी हा माणूस वाट पाहील. त्याला कोण सांगणार की आम्ही तुम्हाला घाबरलो म्हणून आलो नाही?

काल २० डिसेंबर होती, गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली इथेच, अमरावतीजवळ वलगावला त्यांनी देह ठेवला. आमच्या शाळेत कार्यक्रम झाला, मुलांनी हातात खराटे घेऊन भाषणं केली. या मातीत मोठा झालेला तो माणूस, पण बोलावणं यायची वाट पाहत बसला नाही. गावात शिरायचा, आधी गाव झाडायचा, मग रात्री कीर्तन. जिल्ह्यात एवढं उदाहरण असताना आपण शिकलो काय? खुर्च्या मांडायला.

आणि आपल्या घरी तरी श्रद्धा कशी आली? आमच्या आजीची आजी दुष्काळात अनाथ झालेली, फादरांनी वाढवलेली, असं घरात सांगतात. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ, वऱ्हाडात माणसं रस्त्यावर मेली. नागपूर मिशनचे ते फ्रेंच फादर, फ्रान्सच्या डोंगराळ भागातले, त्यांना इथलं ऊन सोसत नव्हतं, भाषा येत नव्हती, तरी घोड्यावर, बैलगाडीत, पायी हिंडले. काही तर आजाराने गेले. त्यांनी त्या वेळी आवारात मंडप टाकून "इच्छुकांनी उपस्थित राहावे" अशी सूचना लावली असती, तर आज ही पोस्ट लिहायला मी नसतेच.

लूकचं शुभवर्तमान काढा, आपण ते २४ ला रात्री ऐकणारच आहोत. जेरुसलेम बेथलेहेमपासून आठ-दहा किलोमीटर. तिथं मंदिर होतं, याजक होते, सगळी व्यवस्था होती. येशू जन्मला त्या रात्री देवदूत तिकडे गेलाच नाही. रानात मेंढरं राखत जागणाऱ्यांकडे गेला. त्याच्या आधी येशूची आई मरिया, स्वतःला दिवस गेलेले असताना, डोंगरातल्या गावी नात्यातल्या एलिझाबेथच्या घरी लगबगीने गेली आणि तीन महिने राहिली. सगळी गोष्टच चालण्याची आहे. यात बसून आहे तो फक्त राजा हेरोद.

हे जरा जास्त झालं. पण खोडणार नाही.

गव्हाणीचंही ऐकलं असेल. यंदा अमरावतीहून फायबरची तयार गव्हाण येणार आहे, लायटिंगवाली, आतून धूर निघतो म्हणे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो नावाच्या खेड्यात पहिली गव्हाण मांडली तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत होतं, कारण त्यांना लोकांना गरिबी डोळ्यांनी दाखवायची होती. आपल्याकडे बैल आहे, कडबा आहे, शेण आहे, गरिबी तर आहेच आहे. आपण फायबर आणतो. जाऊ द्या, हा वेगळा विषय आहे, यावर पुन्हा कधी.

मूळ गोष्ट राहिली. त्या रात्री आमच्याकडून निघताना आईने डब्यात काही टाकलं नाही. नव्हतंच. डबा धरणारा पोट्टा लहान होता, त्याने सवयीने तो खुळखुळवला, तर मागच्याने त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं. मग ट्रॅक्टर वळवताना हेडलाइट आमच्या वावरावर पडला. पूर्ण वावर पांढरं. बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता, दुसरा वेचा तसाच उभा. बाबा अंथरुणाला खिळलेले, मजुरीला पैसे नाहीत, आई खाट सोडून जाऊ शकत नाही. ट्रॅक्टरवरचा दादा खाली उतरला, म्हणाला, "काकू, वेचाले मानसं नाही भेटले काय?" आई गप्प.

२६ तारखेला सकाळी पाहतो तर कमरेला ओट्या बांधून माणसं वावरात. ट्रॉलीतलेच सगळे. सोबत आमच्या शेजारचे काका, त्यांच्या सुना. भाकरी स्वतःची बांधून आणलेली. दुपारी आईने कण्या केल्या तर म्हणाले, राहू द्या वहिनी, बसा तुम्ही दादाजवळ. दोन दिवसांत वावर मोकळं झालं. त्या कापसाच्या पैशात बाबांचं औषध झालं आणि माझा दहावीचा फॉर्म भरला गेला.

स्टेजच्या फोकसमध्ये कोणाचं वावर दिसतं सांगा मला.

यंदा (२०२५-२६) लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये लिहिलेला आहे, हातात किती पडतो ते तुम्हीही विकता, मीही विकते. पावसाने बोंडं सडली. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, या वर्षी कोणाच्या घरात दिवा बंद आहे हे कमिटीच्या वहीत नाही. त्या वहीत वर्गणी असते. पलीकडच्या वस्तीतल्या त्या ताई दिवाळीपासून मिस्सेला दिसल्या नाहीत. कोणी गेलं का? मी विचारलं तर उत्तर आलं, फोन लागत नाही.

फोन लागत नाही म्हणूनच तर जायचं असतं ना.

फादरांवर माझा राग नाही. ते नवीन आहेत, त्यांची मराठी अजून अडखळते, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी मानलं. मघाशी संध्याकाळी जाऊन बोलले त्यांच्याशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "ट्रॉली कोणाची असते?" एवढंच. पण विचारलं. माझा अर्धा राग तिथंच उतरला, नाहीतर ही पोस्ट याहून तिखट झाली असती.

तर आता कामाचं. २३ ची कॅरल संध्या होऊ द्या, मी दोनशे रुपये देईन, मसालेभात पण खाईन. उद्या, सोमवारी २२ ला, रात्री नऊ वाजता आम्ही काही जण निघतोय. ट्रॉलीचं बोलणं चालू आहे, नाही मिळाली तर मोटारसायकली, नाहीतर पायी. प्यायलेला कोणी दिसला तर मी स्वतः घरी सोडून येईन. लहान मुलांनी आईबापासोबतच यावं. आधी पलीकडची वस्ती, मग शेतातली घरं, गाव शेवटी. ज्यांच्याकडे आजारी माणूस आहे, ज्यांच्याकडे यंदा मयत झाली आहे, त्यांची घरं मला मेसेजमध्ये कळवा, इथे कमेंटमध्ये नको. ढोलकी माझ्याकडे आहे, तिची शाई एका बाजूने गेली आहे, पण वाजते. वाजवणारा पाहिजे.