कमी पैशांत विनोदी सिनेमा होतो, तालमीशिवाय होत नाही

मराठीत एखादा विनोदी सिनेमा पहिल्याच आठवड्यात उतरला की ठरलेली कारणं ऐकू येतात. बजेट नव्हतं, स्क्रीन मिळाल्या नाहीत, आपला प्रेक्षक मराठीसाठी घराबाहेर पडत नाही. स्क्रीनचं दुखणं खरं आहे, त्यावर पुढे बोलतो. बजेटचं कारण मात्र मला अजिबात पटत नाही.

'वळू' (२००८) आठवा. एक गाव, एक मोकाट वळू आणि त्याला पकडायला आलेला वनखात्याचा अधिकारी. बास. तरी आपण पोट धरून हसलो, कारण त्या वळूच्या निमित्ताने गावातला जो तो आपलं घोडं पुढे दामटत होता, आणि तेही अगदी मनापासून.

आता होतं काय, तर 'कॉमेडी करू, स्वस्तात होते' असं म्हणून सुरुवात होते. एक फार्महाऊस, टीव्हीवरचे चार-पाच ओळखीचे चेहरे, वीस-बावीस दिवसांचं शेड्यूल. पैशांचा मोठा वाटा त्या चेहऱ्यांवर जातो. मग कात्री लागते ती लेखकाच्या मानधनाला, तालमींना आणि एडिटला. विनोद घडतो तो नेमका याच तीन ठिकाणी! नटाच्या हातात सीन पडतो तो सकाळी मेकअपच्या खुर्चीत.

मध्यंतरी पाहिलेल्या एका सिनेमातला प्रसंग सांगतो. जावई कपाटात लपलाय, सासरा खोलीत आलाय आणि कपाटातून मोबाइल वाजतो. प्रसंग चांगला आहे. यातलं हसू आहे ते सासऱ्याची मान हळूहळू कपाटाकडे वळण्यात, आणि शेजारी उभ्या मुलीची 'माझाच वाजतोय' म्हणत पर्स धुंडाळण्याची जी तारांबळ उडते, तिच्यात. पण त्या मुलीचा क्लोज, म्हणजे चेहरा जवळून दाखवणारा शॉट, घेतलेलाच नव्हता. अख्खा सीन लांबून एका मास्टर शॉटमध्ये उरकलेला, सगळे एकदम ओरडतायत, आणि वर 'टॉइंग' असा आवाज टाकलेला. क्लोज घ्यायचा तर लाइट पुन्हा लावावे लागतात आणि दिवसाचे उरलेले सीन मागे पडतात, हे मला कळतं. पण मग एडिटरने थांबायचं कुणाच्या चेहऱ्यावर? थिएटरात कुणी हसलं नाही. मला त्या नटांचं फार वाईट वाटलं. यातल्या दोघांना मी नाटकात अख्खं नाट्यगृह हसवताना पाहिलंय.

'सोंगाड्या' (१९७१) आला तेव्हा दादा कोंडके नवशिके नव्हते. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे शेकडो प्रयोग त्यांच्या गाठीशी होते. 'सोंगाड्या'चं लेखनही सबनीसांचंच. कुठल्या वाक्याला हशा येतो, तो ओसरेपर्यंत किती थांबायचं, हे दोघांना प्रेक्षकांनीच शिकवलं होतं. लक्ष्मीकांत बेर्डेही रंगभूमीवरूनच आले. आजचे टीव्हीवरच्या स्किटमधले, म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशांमधले, कलाकार कमी ताकदीचे आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण स्किट दहा मिनिटांत संपतं, त्यातल्या माणसाला उद्या सकाळी उठायचं नसतं. अशी दहा स्किटं एकापुढे एक लावली तर सिनेमा होत नाही. आणि तेच स्किट लोकांना फोनवर फुकट दिसतं, तर तिकीट का काढावं?

दुसरी गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. जाड बाई, सावळी मुलगी, तोतरा मित्र, साडी नेसलेला पुरुष. ही माणसं पडद्यावर आली की झाला विनोद, असं अजूनही धरून चालतात. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) साड्या नेसल्या होत्या त्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून. सोंग उघडं पडलं असतं तर चौघे रस्त्यावर आले असते. आपल्याला त्यांची काळजी वाटत होती, म्हणून हसू फुटत होतं. आता ती गरज गेली आणि नुसती साडी उरली. समोर बसलेल्या जाड मुलीने तिकीट काढून स्वतःचा अपमान का बघावा?

आता स्क्रीन. इथे मी निर्मात्यांच्या बाजूने आहे. दुपारी बाराचा शो, हॉलमध्ये आठ-दहा डोकी, तीही विखुरलेली. रहस्यपट अशा हॉलमध्येही पकड घेतो. विनोदाला शेजारचा हसावा लागतो, त्याचं पाहून आपण हसतो. त्यामुळे अडनिड्या वेळेचा सगळ्यात मोठा फटका विनोदी सिनेमालाच बसतो, आणि चांगला सिनेमाही 'ठीक होता' एवढ्यावरच बाहेर पडतो.

पण तालीम तर आपल्या हातात आहे ना? कॉलेजातली पोरं पाऊण तासाच्या एकांकिकेसाठी महिना-महिना रात्री जागवतात. दोन तासांच्या सिनेमासाठी पंधरा दिवस एखादा हॉल घ्या. नटांना बसवून संहिता वाचा, शेवटच्या दोन दिवशी तीस अनोळखी माणसं समोर बसवा आणि ज्या पानांवर कुणी हसत नाही ती पानं पुन्हा लिहायला लेखकाला वेळ आणि पैसे द्या. त्या हॉलचं भाडं शूटिंगच्या एका दिवसाच्या खर्चाएवढंही होणार नाही. कुणी निर्माता हे वाचत असेल तर पुढचं शेड्यूल लावण्याआधी एवढं करून बघा. त्या तीस माणसांत एखादी खुर्ची रिकामी असेल तर मला कळवा, मी येतो.