गाडी कुणाच्या नावावर

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक फोटो आला. गावातल्या शाळेसमोर उभी पांढरी फॉर्च्युनर, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. गाडी ज्याची, त्याचे वडील एकेकाळी आमच्या मळ्यात ऊस तोडायला यायचे. फोटोखाली चुलतभावाने लिहिलं होतं, "पैसा कुठून आला विचारू नका." मग हसरे चेहरे, मग "गुंठामंत्री", मग कुणीतरी लाडकी बहीण योजना काढली: ह्याच्या आईला महिन्याचे दीड हजार मिळतात का बघा रे जरा. मिरजेत रात्रीचे साडेदहा वाजले असतील, आमच्याकडे मिशिगनमध्ये दुपार होती. डबा खाता खाता मी सगळं वाचलं आणि काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा माझ्याही मनात तोच प्रश्न आला होता: ह्याला कशी परवडली?

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या उपनगरात राहतो. बावीस वर्षं झाली. गाड्यांच्या दरवाज्यांची लॅच बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. इथे रस्त्यावरून जाणारी गाडी ओळखता येणं ही हुशारी समजली जात नाही. आपल्याकडे उसाची जात ओळखावी तसं ते सगळ्यांनाच येतं. आणि 'ह्याला कशी परवडली' हा प्रश्न ज्या गाडीला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, ती ह्याच गावची. कॅडिलॅक.

नावापासूनच गंमत आहे. २४ जुलै १७०१ रोजी डेट्रॉइट वसवणारा फ्रेंच अधिकारी अंत्वान द ला मोत कॅडिलॅक जन्माने नुसता अंत्वान लॉमे होता, गॅस्कनीतल्या एका छोट्या गावातल्या वकिलाचा मुलगा. समुद्र ओलांडून अमेरिकेत आल्यावर त्याने स्वतःला सरदार करून टाकलं आणि आपल्या मुलखातल्या एका खऱ्या सरदार घराण्याच्या चिन्हावर बेतून कुलचिन्हही तयार करून घेतलं. दोनशे वर्षांनी गाडीच्या कंपनीने तेच चिन्ह नाकावर लावलं. म्हणजे जगातल्या एका खानदानी गाडीची खानदानी निशाणी मुळात बनावट! समुद्र ओलांडला की मागचं कोण विचारतो, हे आम्हा परदेशस्थांना वेगळं सांगायला नको.

गाडी मात्र बनावट नव्हती. १९०२ मध्ये हेन्री फोर्ड भागीदारांशी भांडून आपल्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडला. मागे उरलेल्यांनी कंपनी मोडायची म्हणून यंत्रांची किंमत काढायला हेन्री लेलँड ह्या वयस्क कारागिराला बोलावलं. त्याने सांगितलं, मोडू नका, गाड्या बनवा. तीच कॅडिलॅक. लेलँड बंदुकांच्या कारखान्यात तयार झालेला, सुटा भाग केसभरही इकडेतिकडे झालेला त्याला खपायचा नाही. १९०८ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक पार सुट्या केल्या, भागांची सरमिसळ केली, काही भाग तर थेट गोदामातले घातले, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि प्रत्येक ५०० मैल पळवली. तिन्ही पळाल्या. ज्या काळात प्रत्येक भाग कानस मारून बसवावा लागे, त्या काळात ही जादूच होती. मी सुट्या भागांच्याच धंद्यातला असल्याने ही गोष्ट जेवढ्या वेळा सांगतो तेवढ्या वेळा माझी मुलं उठून जातात. १९१२ मध्ये बटणावर सुरू होणारं इंजिन, १९१५ च्या मॉडेलात आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. 'जगाचं मानक' ही जाहिरातीतली बढाई त्यांनी कमावलेली होती.

मग मंदी आली. सोळा सिलिंडरची गाडी जानेवारी १९३० मध्ये लोकांपुढे आली, शेअर बाजार कोसळून तीन महिनेही झाले नव्हते. ह्याला मुहूर्त म्हणतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत विक्री इतकी घसरली की जनरल मोटर्स ह्या मालक कंपनीत कॅडिलॅक ठेवावी की गुंडाळावी, अशी चर्चा सुरू झाली.

इथे निकोलस ड्रायस्टॅट नावाचा माणूस येतो. जर्मनीहून आलेला, कॅडिलॅकच्या सर्व्हिस विभागाचा प्रमुख. व्यवस्थापनशास्त्राचे गुरू पीटर ड्रकर यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला कॅडिलॅक विकायची नाही, हे तेव्हा कंपनीचं धोरण होतं. त्यांनी गाडी घेतली तर गोऱ्या गिऱ्हाइकांच्या नजरेत गाडीची किंमत जाईल, हा हिशोब. पण ड्रायस्टॅट शोरूममध्ये बसत नव्हता, वर्कशॉपमध्ये फिरत होता. तिथे त्याला दिसलं की गाडी विकत घेतो एक आणि दुरुस्तीला आणतो दुसरा. कृष्णवर्णीय डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक, जमिनीचे व्यवहार करणारे लोक कुणा गोऱ्या माणसाला शेकडो डॉलर देऊन त्याच्या नावावर गाडी घेत होते. पैसा होता, पण त्या पैशाने चांगल्या वस्तीत घर मिळत नव्हतं, चांगल्या हॉटेलात खोली मिळत नव्हती. गाडी तेवढी मिळवता येत होती, तीही दुसऱ्याच्या नावाने.

ड्रायस्टॅट न बोलावता वरिष्ठांच्या बैठकीत गेला आणि दहा मिनिटं मागून घेतली. म्हणाला, मधल्या माणसाच्या खिशात जाणारा पैसा आपण का सोडायचा? त्याला समतेचा कळवळा होता की नुसता धंदा दिसत होता, हे सांगता येत नाही, आणि माझ्या मते त्याने फारसा फरकही पडत नाही. धोरण बदललं, विक्री सावरली, १९३४ मध्ये तोच कॅडिलॅकचा प्रमुख झाला. गोरी गिऱ्हाइकं पळाली का? मुळीच नाही. युद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षं हा त्या गाडीचा सुवर्णकाळ. १९४८ च्या मॉडेलवर लढाऊ विमानाच्या शेपटीसारखे छोटे पंख उगवले, १९५९ पर्यंत ते कमरेच्या वर गेले. एखादी वस्तू आपल्या जातीत सर्वांत उंची आहे हे सांगायला अमेरिकन माणूस 'अमक्यातली कॅडिलॅक' म्हणू लागला. शुगर रे रॉबिन्सन हा मुष्टियोद्धा न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गुलाबी कॅडिलॅक उभी करायचा, ती पाहायला पोरं जमायची.

पण शोरूमचं दार उघडलं म्हणजे रस्त्यावरची जीभ थांबते असं नाही. 'राहायला धड घर नाही आणि दारात कॅडिलॅक' हा टोमणा अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या चालला. १९४९ मध्ये 'एबनी' ह्या कृष्णवर्णीयांच्या मासिकाला ह्याच विषयावर संपादकीय लिहावं लागलं. त्याचा रोख असा की ही गाडी म्हणजे उधळपट्टी नाही, मी तुझ्याइतकाच माणूस आहे हे रस्त्यावर सांगण्याची ती एक रीत आहे. सत्तरच्या दशकात राजकारण्यांना हाच टोमणा नव्याने सापडला: सरकारी मदतीचे चेक घ्यायला कॅडिलॅकमधून येणारी बाई. शिकागोत अशी फसवणूक करणारी एक बाई खरोखरच होती. तिच्या एकटीच्या नावाने लाखो गरीब बायकांकडे संशयाने पाहिलं गेलं.

आता आमच्या ग्रुपकडे येतो. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हापासून नियम आहे: घरात कुणाच्या नावावर चारचाकी असेल, ट्रॅक्टर सोडून, तर लाभ नाही. निवडणुकीपर्यंत तो कुणाला फारसा आठवला नाही, नंतर पडताळणी सुरू झाली आणि अंगणवाडी सेविकांना लोकांच्या दारातली गाडी बघत फिरावं लागलं. नियमाला माझा विरोध नाही. सरकारला कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि आरटीओची यादी ही त्यातल्या त्यात सोपी रेघ आहे, जरी त्या यादीत दुधाचे कॅन वाहणारी तिसऱ्या हातातली ओम्नीही चारचाकीच असली तरी. नियम सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. टोमणा मात्र माणूस बघून विचारतो.

चुलतभावाचंही अगदीच चूक नाही. वाळू, जमिनी, ठेके ह्यांतून आलेला पैसा आपल्याकडे पांढऱ्या गाड्यांतून फिरतो, हे मलाही दिसतं. त्याबद्दल विचारायलाच हवं. पण आमच्या तालुक्यातले पुढारी सहा-सहा गाड्यांचा ताफा घेऊन लग्नाला येतात तेव्हा हाच भाऊ पुढे होऊन दार उघडतो. तिथे हिशोब कुणी मागत नाही. ऊसतोड्याच्या पोराने एक गाडी घेतली की सगळा गाव चार्टर्ड अकाउंटंट.

आणि इथून हे बोलणं सोपं आहे, तेही कबूल करतो. इथे महागड्या गाडीतला काळा तरुण दिसला की पोलीस आजही जरा जास्त वेळा थांबवतात. आमचं मराठी मंडळ तरी कुठे वेगळं? गणपतीच्या दिवशी पार्किंगमध्ये टेस्ला, बीएमडब्ल्यू मोजल्या जातात. मी तीन वर्षांपूर्वी वापरलेली कॅडिलॅक घ्यायचा विचार केला तर एका मित्राने विचारलं, "अरे, निवृत्त झालास का?" इथल्या देशी लोकांत तिची ओळख म्हाताऱ्यांची गाडी अशी आहे. शेवटी टोयोटाच घेतली. मला वाटतं, मीही घाबरलोच.

ही म्हाताऱ्यांच्या गाडीची अवकळा कुठून आली? गाडीत कोण बसलं त्यामुळे नाही. १९७६ मध्ये कंपनीने एल्डोराडो ही उघड्या टपाची कन्व्हर्टिबल 'शेवटची' म्हणून विकली. लोकांनी जपून ठेवायला घेतल्या. सात-आठ वर्षांत कंपनीने पुन्हा कन्व्हर्टिबल काढली, काही मालक कोर्टात गेले. १९८१ च्या मॉडेलात गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारं इंजिन आलं. कल्पना काळाच्या पुढची होती, पण तेव्हाचा कॉम्प्युटर तिला पेलवणारा नव्हता. १९८२ ची सिमरॉन तर स्वस्तातल्या शेव्हर्ले कॅव्हलियरला चामड्याची सीट आणि ते बनावट सरदाराचं चिन्ह लावून १२ हजार डॉलरच्या वर विकली. चार सिलिंडर, ८८ अश्वशक्ती. लेलँडबाबा असते तर कारखान्यात मायक्रोमीटर फेकून मारला असता. १९९८ अखेर प्रतिस्पर्धी लिंकन पहिल्या नंबरवर जाणार असं दिसताच कॅडिलॅकने डिसेंबरची विक्री फुगवून सांगितली आणि नंतर कबुली देऊन माफी मागावी लागली. (लिंकनही लेलँडनेच काढलेली, हा आणखी एक योगायोग.) ज्यांना गाडी विकायला कंपनी लाजत होती, त्यांनी तिची अब्रू घालवली नाही. उलट ह्या सगळ्यानंतर एस्कलेड नावाची धिप्पाड एसयूव्ही तरली ती कृष्णवर्णीय गायक-खेळाडूंनी उचलून धरली म्हणून.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. मागच्या वर्षी तिथे रॉयल ओकपाशी एक पांढरी एल्डोराडो उभी होती, ७६ चीच. शेजारी घडीच्या खुर्चीवर सत्तरीचे एक कृष्णवर्णीय आजोबा. गाडीवर हात फिरवू का विचारलं तर म्हणाले, फिरव, पण आधी अंगठी काढ. त्यांचे वडील फाउंड्रीत होते. त्यांनी पन्नासच्या दशकात जुनी कॅडिलॅक घेतली आणि कामावर जाताना ती दोन गल्ल्या अलीकडे लावून पुढे चालत जायचे. फोरमनने पाहिली तर त्या वर्षी पगार वाढणार नाही म्हणून.

"तुझ्या वडिलांकडे कुठली होती?" आजोबांनी विचारलं.

मी सांगितलं. फियाट, कुर्ल्याच्या कारखान्यातली, दुसऱ्या हाताची, क्रीम रंगाची. बाबा बँकेत क्लार्क होते. गाडी दारात आली त्या संध्याकाळीच वाड्यातून प्रश्न आला, क्लार्कला फियाट कशी परवडली? बाबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, माझी नाही हो, मुंबईच्या मेहुण्याची आहे, सांभाळायला ठेवलीय. आरसी बुक बाबांच्याच नावाचं, पण ते आईच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत. बाबा सायकलवरून बँकेत जायचे आणि रविवारी 'मेहुण्याची गाडी जरा फिरवून आणतो, बॅटरी उतरते' असं मोठ्याने सांगून आम्हाला नरसोबाच्या वाडीला न्यायचे. असं दोन वर्षं चाललं.

आजोबा खुर्चीत मागे रेलून हसले. मग विचारलं, तो मेहुणा खरंच होता का?

होता, म्हटलं. पण त्याला गाडी चालवता येत नव्हती.