वाघळांची पुस्तकं कपाटातच राहणार: त्या फिरत्या मेसेजला एकेक मुद्द्याने उत्तर

गेला आठवडाभर आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला स्वतःला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघींची मुलं दर रविवारी आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: मुलांना वटवाघळांची पुस्तकं देऊ नका, कारण वाघूळ आंधळं असतं नि केसांत अडकतं, ते रक्त पितं, निपा नि करोना त्यानेच आणला आणि असली पुस्तकं वाचून मुलं त्याला हात लावायला जातील, ते बागायतीचं वाटोळं करतं म्हणून सरकारनेच त्याला उपद्रवी ठरवलंय, आणि शेवटी, ही सगळी बाहेरच्या देशांतली फॅडं, आपल्याकडे वाघळाबद्दल वाचण्यासारखं आहे काय?

आंधळेपणाचं आधी. जगातली वाघळाची एकही जात आंधळी नाही. आपल्या चिकूवर येतात ती फळं खाणारी वाघळं तर मोठाल्या डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात, रात्री झाडावर टॉर्च मारून बघा, डोळे चमकतात. किडे खाणारी बारकी वाघळं तोंडाने आवाज काढून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, तो आवाज इतक्या उंच पट्टीतला की आपल्या कानाला लागतच नाही. इटलीत स्पालान्झानी नावाच्या शास्त्रज्ञाने १७९० च्या दशकात बघितलं होतं की काहीच दिसत नसलेलं वाघूळसुद्धा खोलीत बांधलेले दोरे चुकवून उडतं, पण ते कसं हे सिद्ध व्हायला १९४० च्या आसपास ग्रिफिन आणि गॅलंबॉस या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांपर्यंत थांबावं लागलं. अंधारात दोरा चुकवणारं जनावर तुमच्या केसांत कशाला अडकेल? डोक्याजवळून जातं ते आपल्याभोवती चिलटं जमतात म्हणून.

रक्ताचा मुद्दा पटकन संपतो. वाघळांच्या १,४०० हून जास्त जाती आहेत, त्यातल्या फक्त ३ रक्त पितात आणि त्या तिन्ही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेत. भारतात एकही नाही. आपल्याकडे जुन्या घरांत मोठ्या कानांचं एक वाघूळ राहतं, इंग्रजी नावात व्हॅम्पायर असल्यामुळे गोंधळ होतो, पण ते किडे, बेडूक, पाली, उंदीर खातं.

आता आजाराचं, आणि इथे मी मेसेज लिहिणाऱ्याला खोटं पाडायला बसलेलो नाही, भीती खरी आहे. निपाचा विषाणू मोठ्या फळखाऊ वाघळांत सापडतो, २०१८ साली केरळात कोझिकोड-मलप्पुरम भागात त्याने १७ माणसं गेली. करोनाच्या विषाणूचे जवळचे भाऊबंदही वाघळांत सापडलेत, पण तो माणसात नेमका कसा आला यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, "वाघळाने आणला" एवढं सरळ ते नाही. निपा वाघळातून माणसात कसा येतो ते मात्र बऱ्यापैकी माहीत आहे, बांगलादेशात खजुराचा ताजा रस रात्रभर उघड्या मडक्यात जमतो, वाघूळ येऊन तो चाटतं नि त्यात मुततं, सकाळी माणसं तो कच्चाच पितात. तिथे मडक्याच्या तोंडाशी बांबूचा झाप बांधला की वाघूळ रसापर्यंत पोचत नाही. म्हणजे करायचं काय, तर चावलेलं फळ खायचं नाही, फळं धुऊन सोलून खायची, उघड्या मडक्यातला रस प्यायचा नाही, वाघळाला हात लावायचा नाही आणि चावलंच तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरकडे जायचं. आता मला सांगा, हे मुलांना सांगणार कोण? आमच्या कपाटातल्या चांगल्या पुस्तकांत हात न लावण्याचं पान असतंच, नसेल तर मी ते पुस्तक घेतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात घडलेलं सांगतो. वाचनालयाच्या मागे ओवळाचं (बकुळीचं) मोठं झाड आहे, त्याच्याखाली एक वाघूळ पडलं होतं, साधारण वीतभर, अंग तांबूस. पाचसहा पोरं गोळा झाली, एकाच्या हातात दगड होता. पाचवीतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "हात लावू नका आणि मारू पण नका, त्याला जमिनीवरून उडता येत नाही, वर चढायला पायजे." तिने ते पुस्तकात वाचलं होतं. मग मी लांब बांबू आणला नि त्याच्यासमोर धरला. त्याने अंगठ्याची नखी बांबूत रुतवली, मग दुसऱ्या पंखाचा अंगठा, असं आपण शिडी चढतो तसं हळूहळू वर सरकलं, तो बांबू मी फांदीला टेकवून ठेवला, वरच्या टोकाला ते उलटं टांगून घेऊन बसलं आणि तिन्हीसांजेला गेलं. कुणाचा हात लागला नाही, दगड पण पडला नाही. पोरांनी त्या दिवशी बघितलं की पंख म्हणजे लांब झालेली बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी, आणि मोकळा राहिलेला तो एकच अंगठा. पुस्तक वाचून मुलं हात लावतात म्हणे! ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांच्याच हातात दगड होता.

बागायतीचं. चिकू, पेरू, केळी खातात, कबूल, माझ्याही दारातल्या चिकूवर येतात. पण आपण चिकू उतरवतो ते घट्ट असताना, घरात पिकवतो, वाघूळ घेतं तो बहुतेक झाडावर पिकलेला. काजूच्या दिवसांत तर आपलीच पोरं वाघळं बसतात त्या झाडाखाली बिया वेचायला जातात, कारण ती बोंडू उचलून नेतात, रस पितात आणि बी खाली टाकतात. वड, उंबर, ओवळ, समुद्राकडची उंडी, ह्यांच्या बिया लांब नेण्याचं काम ती करतात, आणि वाघूळ उडता उडता शिटतं म्हणून बी उघड्या माळावर, खाणीच्या डंपावरसुद्धा पडू शकतं. टेटूच्या झाडाचं फूल रात्री उमलतं, त्याचं परागीभवन वाघळंच करतात. आणि ते "सरकारने उपद्रवी ठरवलं" हे आता जुनं झालं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती हे खरं, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती अख्खी अनुसूचीच गेली. वसतीचं झाड तोडून पण काही साधत नाही, ती शेजारच्या वाडीत जातात, आणि ऑस्ट्रेलियात हेंड्रा ह्या वाघळांतल्या विषाणूच्या अभ्यासात दिसलंय की अधिवास नि खाणं गेलेल्या वाघळांकडून आजार पसरण्याचा धोका उलट वाढतो.

"आपल्याकडे काय आहे वाचण्यासारखं" ह्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्याची हद्द संपते तिथे पलीकडे कर्नाटकातलं भीमगड, आपली म्हादई नदी त्याच डोंगरांतून येते. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वाघूळ राहतं, मोठे कान कपाळावरून पुढे आलेले, १९१३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि पुढे कितीतरी दशकं अख्ख्या जगात ते त्या एकाच ठिकाणचं माहीत होतं, नंतर मेघालयात नि कंबोडियात सापडलं. २०११ ला भीमगड अभयारण्य झालं त्यामागे ह्या वाघळाचाही हात आहे. डिचोलीतल्या किती मुलांना हे माहीत आहे?

दुसरी गोष्ट तर मुलं पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात एक वाघूळ मिळालं, मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संग्रहात ते नेहमीच्या फळखाऊ वाघळाची चिठ्ठी लावून ठेवलं गेलं, आणि जवळपास पाव शतक कुणाच्या लक्षात आलं नाही. मग थायलंडचे शास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी नीट दात नि कवटी तपासली, हे वेगळंच निघालं, आणि १९७२ मध्ये त्याला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं नाव दिलं. पुढे थायलंडात २ ग्रॅमच्या आसपास वजनाचं इवलंसं वाघूळ सापडलं त्याला ह्याच थोंगलोंग्यांचं नाव आहे. आम्हाला लहानपणी वाघूळ भेटलं ते फक्त इसापाच्या गोष्टीत, पशू-पक्ष्यांच्या लढाईत कधी ह्या बाजूला कधी त्या बाजूला जाणारं लबाड म्हणून. आमच्या मुलांनी पण तेवढ्यावरच थांबायचं काय?

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण मीच सांगतो, कारण पुस्तकं पण चुकतात. आमच्याकडच्या एका रंगीत पुस्तकात लिहिलंय की एक वाघूळ तासाला हजार डास खातं. हा आकडा बंद जागेत डास सोडून थोड्या मिनिटांत मोजलेल्या शिकारीचा गुणाकार आहे, बाहेर रानात ती पतंग, भुंगे, वाळवी, जे मिळेल ते खातात, थायलंडात भातावरचे तुडतुडे खातात हे मात्र नीट अभ्यासलेलं आहे. त्या पानावर मी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय. पुस्तक खालच्या खणात, डावीकडून तिसरं, ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी मुलांबरोबर येऊन आधी स्वतः वाचावं, रविवारी दहा ते बारा मी तिथेच असतो.