पाच वर्षांनी नुसती फी भरून भागत नाही
घर-प्लॉटच्या विक्रीतल्या एजंटांच्या नोंदणीवरच्या एका लेखात 'मुदत संपली की फी भरा, एजंटचं रजिस्ट्रेशन पुढं चालू' असं वाक्य आहे. ते जुन्या काळातलं आहे. 1 जानेवारी 2024 पासून महारेराचं (महाराष्ट्राच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाचं) सक्षमता प्रमाणपत्र नसेल तर नवी नोंदणीही होत नाही आणि नूतनीकरणही. आधी मान्यताप्राप्त संस्थेकडं 20 तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. हे सगळं मुदतीच्या शेवटच्या महिन्यात बसत नाही, त्यामुळं तयारी सहा महिने आधी लागलेली बरी. परीक्षेचा अर्ज, पॅन आणि आधार यांवर नाव अक्षरशः एकच ठेवा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडं नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज लटकू शकतो. फीसुद्धा लेखात एकच दिली आहे. व्यक्तीला 10 हजार, पण भागीदारी फर्म किंवा कंपनीला 1 लाख.

दुसरं, आपल्याकडं 'मी फ्लॅट विकत नाही, प्लॉटिंग करतो' म्हणणारे पुष्कळ. पण 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून केलेला विक्रीचा लेआउटही रेरा म्हणजे रिअल इस्टेट कायद्यात येतो. एजंट म्हणून नोंदणी नसताना त्यातला प्लॉट विकून दिला तर रोज 10 हजार दंड, तोही मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत वाढणारा. आणि तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या देगलूर-धर्माबादकडच्यांनो, ही नोंदणी अख्ख्या महाराष्ट्रात चालते, पण निजामाबादच्या प्रकल्पातला प्लॉट विकायचा असेल तर तेलंगणाची वेगळी घ्यावी लागते.