बातमी फुगते कुठे?

‘अमुक विद्यापीठाच्या संशोधनातून धक्कादायक खुलासा’ असं वाचलं की आपण पत्रकारांच्या नावाने बोटं मोडतो. यांना विज्ञान कळत नाही, काहीही छापतात, वगैरे. मीही मोडायचो. पण कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलेला अभ्यास वाचल्यावर राग थोडा वर, विद्यापीठांकडे सरकला.

त्यांनी ब्रिटनमधल्या 20 नामांकित विद्यापीठांची 2011 मधली आरोग्यविषयक 462 प्रसिद्धिपत्रकं घेतली. मूळ शोधनिबंध, विद्यापीठाचं पत्रक आणि छापून आलेली बातमी शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहिली. 40 टक्के पत्रकांत लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. 33 टक्क्यांत दोन गोष्टींमधल्या नुसत्या संबंधाला थेट कारण ठरवलं होतं. पत्रकात सल्ला फुगलेला असेल तर 58 टक्के बातम्यांत तो तसाच उतरला. नसेल तेव्हा हे प्रमाण फक्त 17 टक्के. म्हणजे भेसळ बऱ्याचदा उगमापाशीच, आणि तीही संस्थेच्या अधिकृत लेटरहेडवर! गंमत म्हणजे फुगवलेल्या पत्रकांना जास्त प्रसिद्धी मिळाल्याचंही ठोसपणे दिसलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

आकड्यांचा खेळ तर वेगळाच. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, बेकन वगैरे) कर्करोगकारक गोष्टींच्या यादीत तंबाखूच्याच गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्के वाढतो, हेही सांगितलं. लगेच मथळे: मांस सिगारेटइतकंच घातक! अहो, तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा ते नाही. आणि 18 टक्के कशाचे? ब्रिटनमध्ये हा कर्करोग आयुष्यभरात साधारण 100 पैकी 6 जणांना होतो; ते 6 चे 7 होतात. हा एक माणूस क्षुल्लक नाही, पण ‘18 टक्के’ वाचून डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते हे नव्हे. मूळ धोका न सांगता नुसती टक्केवारी फेकणं ही मला सरळ लबाडी वाटते.

कोलंबिया विद्यापीठाचा 2023 चा प्रयोगही आठवत असेल: बैठं काम करताना दर अर्ध्या तासाने 5 मिनिटं चाला, साखर आणि रक्तदाब दोन्ही खाली. प्रयोग नीटच होता, पण त्यात माणसं होती 11. एवढा आकडा पहिल्या ओळीत छापायला काय हरकत आहे?

याउलट सिगारेटचं पाहा. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1951 पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांची माहिती गोळा करायला घेतली. त्यातल्या 34 हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांवर 50 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सिगारेट न सोडणाऱ्यांचं आयुष्य सरासरी 10 वर्षांनी कमी भरलं. इथे कुणाला काही फुगवावंच लागलं नाही.